चिखलाला हवा लागू देऊ नका

पुणे, ११ ऑगस्ट २००३

ती. मामाजी आणि मामीजी, दोघांना नमस्कार.

फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही इतक्या जोरात बोलता की वाटतं, समुद्रपूरहून थेटच ऐकू येतंय, आणि तरी अर्धं कळत नाही. म्हणून पत्र. काम जरा विचित्र आहे, हसू नका. मला तुमच्या अंगणातला चिखल हवा आहे.

मी इथे जंतूंवर संशोधन करते हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही गावात 'दिपाली डॉक्टर झाली' असं सांगता हे मला माहीत आहे. मी डॉक्टर नाही, आणि माझे जंतू कोणाला आजारी पाडत नाहीत. ते चिखलात राहतात आणि लोखंडावर श्वास घेतात. आपल्याला श्वासाला हवा लागते, त्यांचं मातीतल्या गंजावर भागतं. आमच्या सुलोचना मॅडम म्हणाल्या, जिथे पाणी लाल होतं अशा जागेचा चिखल मिळवा. बाकीचे नकाशे उघडून बसले, आणि मला आठवला तो तुमच्या घरच्या पाण्याचा, हर्षाताईला पाहायला आलेल्या पाहुण्यांपुढचा चहा. दौतीत दूध ओतल्यासारखा दिसत होता, आठवतं?

तर पंपाखाली जिथे पाणी साचतं, त्या खड्ड्यातला हातभर खालचा काळा चिखल एका बरणीत भरा. महत्त्वाची गोष्ट एकच, तिच्याखाली दोन रेघा मारते. त्याला हवा लागू देऊ नका. जराही नाही. हवा लागली की सगळं फुकट जाईल. पुढच्या महिन्यात गावातले प्रभाकरराव मुलीकडे पुण्याला येणार आहेत ना, त्यांच्या हाती पाठवा. दिवाळीपर्यंत जंतू जगवून दाखवले नाहीत तर मॅडम मला दुसरा विषय देणार आहेत, आणि तो विषय आहे ताक.

तुमची दिपाली


समुद्रपूर, ३० ऑगस्ट २००३

चि. दिपालीस मामाचा आशीर्वाद. मामीचा वेगळा लिहितो, कारण माझ्यात तिचा धरलेला तिला चालत नाही.

पाकीट पाहूनच समजली असशील की मामाला इशारा पुरतो. आजवर मी पोस्टकार्डाशिवाय दुसरं काही लिहिलं नाही. पण आपला तानबा पोस्टमन कार्ड आधी स्वतः वाचतो, मग वाटेतल्या चार घरी वाचून दाखवतो, आणि उरलं तर ज्याचं त्याला देतो. तुझी ताकीद पडली हवा लागू देऊ नका, ती पण दोन रेघांची. काऊन ते मी विचारणार नाही. शास्त्रज्ञांची आपसात चढाओढ असते असं मी पेपरात वाचलं आहे. तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. गावात कोणाला म्हणून हवा लागू दिली नाही. मामीला सांगावं लागलं, तेही निम्मंच.

पोळ्याच्या दिवशी सारं गाव बैलांच्या मागे गेलं, तेव्हा अंगणात मामीच्या दोन जुन्या लुगड्यांचा आडोसा बांधला आणि खड्डा खणला. असा वास सुटला की मामी म्हणाली, "खाली काही मेलं हाये काय?" ते जंतू श्वास घेतात असं तू लिहिलंस, म्हणून बरणीच्या झाकणाला खिळ्याने सात भोकं पाडली आहेत. लांबचा प्रवास, जितेजागते जीव, गुदमरायला नकोत. मामीने तर माझ्याहून जास्त काळजी घेतली. पुण्याला जाणार म्हणून चिखल चाळणीतून काढला, खडे वेचले आणि दोन उन्हं दाखवली. आता मैद्यासारखा भुरभुरीत झाला आहे. प्रभाकररावांनाही बजावलं आहे, वाटेत कोणाला हवा लागू देऊ नका.

त्या चहाचं नाव मात्र तू काढायला नको होतंस. तीन वर्षं झाली त्याला. ती बोअरिंग नत्थू मिस्त्रीने बसवली. बालवाडी नव्हती तेव्हापासूनचा माझा दोस्त, रोज संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर माझ्यासोबत चहा पिणारा. आणि त्याने मला जुना गंजका पाइप घातला! चलाखी पाहा. पंप सुरू केला त्या दिवशी पेला भरून हातात दिला, पाणी काचेसारखं. "पाह्य, कसं हाये," म्हणाला. आजही तसंच आहे. पंपातून निघताना स्वच्छ, आणि बादलीत अर्धा-पाऊण तास राहिलं की लाल. मग त्याचा चहा केला की काळा. कारंजाच्या पाहुण्यांनी कपात डोकावून पाहिलं, 'कळवतो' म्हणाले, आणि अजून कळवून राहिले आहेत. त्याच बैठकीत, चाळीस माणसांपुढे, मी नत्थूला म्हटलं, "तू भंगारातला पाइप घातला." तो उठला. अर्धा कप खाली ठेवला आणि गेला. समोरच राहतो, पण तेव्हापासून ओट्यावर पाय नाही. खरा असता तर भांडला नसता का?

बरणी जपून उघडजो. पाऊस बरा आहे.

तुझा मामा, महादेवराव


पुणे, ९ सप्टेंबर २००३

ती. मामाजी, मामीजी,

बरणी पोचली. म्हणजे बरणी पोचली, चिखल निम्मा पोचला. उरलेला सात भोकांतून वाटेत सांडत आला. शेजारच्या प्रवाशाचं पांढरं धोतर काळं झालं, त्याने विचारलं हे काय आहे. प्रभाकररावांना तुमची ताकीद होती, त्यांना घाईत सुचलं ते त्यांनी सांगितलं, 'मंजन'. सकाळी त्या गृहस्थाने चिमूटभर मागून घेतलं आणि दात घासले. प्रभाकरराव म्हणतात, दात चांगले निघाले.

मामाजी, हवा म्हणजे हवा हो. वारा. नाकाने घेतो ती. मी बातमीबद्दल बोलतच नव्हते! मॅडमना मी तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, "दोन उन्हं?" आणि परत हसल्या. उन्हात वाळवलेला, चाळलेला, हवा खाल्लेला चिखल माझ्या कामाचा नाही. माझे जंतू हवेत टिकतच नाहीत.

पुन्हा नीट सांगते, चूक माझीच आहे. अन्न खाल्लं की त्यातून शक्ती निघते आणि शेवटी इलेक्ट्रॉन उरतात. विजेचे कण समजा. ते कोणाला तरी देऊन टाकावेच लागतात, नाहीतर पुढचं काम अडतं. आपण ते हवेतल्या ऑक्सिजनला देतो, म्हणून आपल्याला श्वास लागतो. चिखलात खोलवर ऑक्सिजन नाही. तिथे जंतू ते इलेक्ट्रॉन मातीतल्या गंजाला देतात. पण गंज म्हणजे घट्ट खनिज, जंतूच्या अंगात शिरू शकत नाही. मग जंतू काय करतो? तुमच्या दुकानात बैलगाडी येऊ शकत नाही, तेव्हा हमाल हातोहात पोतं बाहेर काढून गाडीत टाकतात ना, तसंच. त्याच्या अंगातून थेट बाहेरपर्यंत हमालांची रांग उभी असते, आणि इलेक्ट्रॉन या हातातून त्या हातात जात बाहेरच्या गंजावर पोचतो. इलेक्ट्रॉन मिळाला की गंज विरघळून पाण्यात उतरतो, आणि पाणी दिसतं मात्र अगदी स्वच्छ.

आता पुढचं लक्ष देऊन वाचा. तेच पाणी पंपातून वर येतं, त्याला हवा लागते, आणि विरघळलेलं लोखंड पुन्हा गंजतं. म्हणून तुमचं पाणी निघताना काचेसारखं आणि अर्ध्या-पाऊण तासाने लाल. पाइप गंजका असता तर पाणी निघतानाच लाल निघालं असतं, त्यात गंजाचे कण दिसले असते. मामाजी, ज्या पेल्याला तुम्ही चलाखी म्हणता, तोच नत्थूकाकांचा साक्षीदार आहे, आणि तुम्ही स्वतः तो मला लिहून पाठवलात. काकांनी चांगलाच पाइप घातला होता. तुमच्या पाण्यात लोखंड उतरवलं ते माझ्या जंतूंनी.

खात्री करायची असेल तर एक काचेचा पेला भरून खिडकीत ठेवा आणि बघत बसा. आणि दुसरी बरणी पाठवा. खड्ड्यातच पाण्याखाली बुडवून काठोकाठ भरा, झाकण पाण्याखालीच लावा, वर मेण ओता. भोक एकही नको. मामीजी, कृपा करून ऊन दाखवू नका.

तुमची दिपाली


समुद्रपूर, २२ सप्टेंबर २००३

दिपाली बेटा, मी नत्थू मिस्त्री. मी सांगून राह्यलो आन माही शालू लिहून राह्यली. म्या तिले सांगतलं, जसं बोलतो तसंच लिही, सुधारू नको.

तुह्या पत्ता प्रभाकररावाकून घेतला. मले एक सांग. तुह्या मामा काऊन माह्या मांगं लागला? पोळ्याच्या दिवशी लुगडे बांधून पंपाच्या बुडाशी खोदून राह्यला होता. मी समोरून पाह्यलं. परवा पुन्हा खोदलं. बरणीत भरून भरून कुठं पाठवते? गावात म्हणतेत, पुण्याले मोठी लॅब हाये, तिथं पाइपाचा गंज तपासून माह्यावर केस कराची हाये. तूच तपासणार म्हणे. तुले म्या खांद्यावर बसून बाजार दाखवला, बेटा.

पाइप नवा होता. पावती हाये माह्या घरी, ट्रंकेत. त्या दिवशी दाखवली नाई, कारण दोस्ताले पावती दाखवाची पाळी आली त मंग दोस्ती कायची? मी म्हटलं, त्याले आपोआप समजन. तीन वर्स झाले, नाई समजलं.

आता मले कोणी बोअरिंगले बोलवत नाई. म्हणतेत, ज्यानं महादेवरावाले फसवलं तो आपल्याले काय सोडन? हिंगणघाटले दोन कामं भेटले, बस. आदेश नागपूरवरून म्हणते, बाबा इकडं या, सोसायटीत चौकीदाराची जागा हाये. संक्रांतीलोक वाट पाहतो. मंग पाने, पकडी, साखळी सारं इकून देतो आन जातो. चाळीस वर्स गावाले पाणी पाजलं, आता लोकाईच्या गेटावर खुर्ची टाकून बसीन.

केस कराची असन त करा. पन खोदू नका म्हणा, पंप खचन.

नत्थू मिस्त्री

(ताई, मी शालू. बाबा हे पत्र सांगताना दोनदा उठून बाहेर गेले. तुम्ही उत्तर नक्की द्या.)


समुद्रपूर, ८ ऑक्टोबर २००३

चि. दिपालीस आशीर्वाद, दसऱ्याचं सोनं पत्रातच घे.

दुसरी बरणी परवा प्रभाकररावांच्या जावयासोबत निघाली. सगळं तू सांगितलं तसं केलं. मी खड्ड्यात पालथा झोपून झाकण पाण्याखाली लावलं. वर मेण, मेणावर फडकं, फडक्यावर पुन्हा मेण. यमालाही उघडता येणार नाही. वर चिठ्ठी चिकटवली आहे, 'हे मंजन नाही'.

चिखलात वीज आहे असं तू लिहिल्यापासून मी घरात कडक नियम केला आहे. रबरी चपलेशिवाय पंपावर कोणी जायचं नाही, आणि ओल्या हाताने दांडा धरायचा नाही. पंप कोरड्या हाताने कसा हापसायचा असं तुझी मामी विचारते. मी म्हटलं, शास्त्राला विचार.

बाकी तुझं जंतूपुराण मी वाचलं. पोरी, तू शिकलेली आहेस, मी दुकानदार. पण दुकानदाराला माणूस कळतो. म्हणे डोळ्यांना न दिसणारा किडा हमाल लावून लोखंड बाहेर काढतो! किडा मी पाहिला नाही, नत्थू मी पाहिला आहे. पेल्याचं म्हणशील तर सहज गंमत म्हणून ठेवला एकदा. झालं लाल. त्यात काय. तू परक्याची बाजू घेऊ नको. हर्षाची मुलगी चालायला लागली.

तुझा मामा

[कडेच्या जागेत, पेन्सिलीने:] दिपाली, मी मामी. हे आंघोळीला गेले म्हणून लिहून राहिली. एकदा नाही, आज चवथा दिवस आहे. सकाळी पेला भरतात, खिडकीत ठेवतात आणि दुकान सोडून त्याच्यापुढे बसतात. लाल झालं की ओतून देतात आणि दुसरा भरतात. काल तर दुकानात गिऱ्हाईक ओरडून राहिलं आणि हे पेल्याला म्हणतात, "होऊ नको, आज होऊ नको." तोंडाने कबूल करणार नाहीत. मी चपला घालतच नाही, तू काळजी करू नको.


पुणे, २४ नोव्हेंबर २००३

ती. मामाजी,

तुमचे जंतू जिवंत आहेत! मेण फोडायला छिन्नी लागली, पण आत असा काळाकुट्ट, सडक्या अंड्याच्या वासाचा चिखल निघाला की मॅडमनी टाळ्या वाजवल्या. ताकाचा विषय आता दुसऱ्या कोणाला जाईल.

आम्ही काय केलं सांगते. टॉर्चच्या सेलमध्ये जी काळी कांडी असते, तशी एक कांडी चिखलात पुरली, दुसरी वरच्या पाण्यात ठेवली, आणि दोन्ही तारेने जोडल्या. जंतूंना कांडी काय, गंज काय, सारखंच. बाहेर घेणारा कोणी भेटला की झालं. त्यांनी आपले इलेक्ट्रॉन कांडीला द्यायला सुरुवात केली. तीन आठवड्यांनी मीटरचा काटा हलला. मग असे चार डबे एकापुढे एक जोडले, आणि त्यावर एक छोटं आकड्यांचं घड्याळ लावलं. चाललं, मामाजी! आकडे फिके दिसतात, डोळे बारीक करावे लागतात, पण या क्षणी माझ्या टेबलावर चार वाजून दहा मिनिटं झाली आहेत, ती समुद्रपूरच्या चिखलाच्या जोरावर. एवढ्याशा विजेने मुंगीलाही झटका बसत नाही. मामीजींना चपला काढू द्या.

आता दुसरी गोष्ट. काय लिहावं यावर महिनाभर विचार केला, म्हणून उशीर. नत्थूकाकांचं पत्र आलं होतं. तुम्ही आडोसा बांधून खणलंत, त्याची त्यांनी वाईट समजूत करून घेतली, त्यांना वाटलं तुम्ही केस करणार. मी त्यांना लगेच पत्राने खुलासा केला, पाण्यातलं लोखंड काढायची रीतही लिहिली. पण त्यांनी आणखीही लिहिलं होतं. गावात त्यांना कोणी काम देत नाही, तुमच्या त्या एका वाक्यामुळे. संक्रांतीनंतर हत्यारं विकून ते नागपूरला जाणार आहेत, आदेशकडे, चौकीदारी करायला. पाइपाची पावती त्यांच्या ट्रंकेत आहे. तुम्हाला दाखवायची त्यांना लाज वाटली. स्वतःची नाही, तुमची.

मामाजी, हर्षाताई आर्वीला सुखात आहे. ती तर त्या काळ्या चहाचे उपकार मानते, कारंजाचं स्थळ तिला आवडलंच नव्हतं. म्हणजे त्या चहाने नुकसान झालं ते एकाच माणसाचं. मी लहान आहे, तुम्हाला काय सांगणार. पण संक्रांतीला सात आठवडे उरले आहेत आणि तुम्ही किती दिवस पेल्यापुढे बसता हे मला माहीत आहे. (मामीजींना रागावू नका.)

तुमची दिपाली


समुद्रपूर, ५ जानेवारी २००४
पोस्टकार्ड पहिले

चि. दिपाली, आशीर्वाद. पाकिटं घरात आहेत. तरी मुद्दाम कार्डावर लिहितो आहे आणि अक्षर मोठं काढतो आहे. तानबा, तू हे वाचतोच आहेस, तर उभ्याने वाचू नको. नत्थूच्या दारात जा, मोठ्याने वाच. मग ओट्यावर वाच, मग बसस्टँडवर.

सहा आठवडे उत्तर दिलं नाही, कारण ओट्यावरून नत्थूचं दार वीस पावलं आहे आणि मी रोज दहा जाऊन परत येत होतो. दाराशी गेलो तर तोंडातून हवामानच निघेल हे मला माहीत आहे. काल मी भर दुकानात पेला भरून काउंटरवर ठेवला. अण्णाजी होते, कमलाबाई होत्या, बाजारची माणसं होती. सगळ्यांनी स्वच्छ पाणी पाहिलं, सगळ्यांनी ते लाल होताना पाहिलं. मी म्हटलं, हा पाइपाचा गंज नाही, हे जमिनीतलं लोखंड आहे, आणि (जागा संपली, दुसरं कार्ड घे, तानबा)

पोस्टकार्ड दुसरे

आणि नत्थूने पाइप नवाच घातला होता. मी चाळीस माणसांपुढे खोटं बोललो. काल मोजले, सतरा होते, म्हणून उरलेल्या तेवीस जणांसाठी हे कार्ड. दिपाली, तुझे जंतू अंगातलं बाहेर दिल्याशिवाय जगत नाहीत असं तू लिहिलंस. किड्याला जे कळतं ते मला तीन वर्षं कळलं नाही. छातीवर धोंडा घेऊन बसलो होतो आणि रागाने त्याला नत्थू म्हणत होतो.

नत्थू, चुकलो. नागपूरला जाऊ नको. पावती दाखवायला येऊ नको, नुसता ये.

दिपाली, याला पाहिजे तेवढी हवा लागू दे.

तुझा मामा, महादेवराव


समुद्रपूर, १७ जानेवारी २००४

दिपाली बेटा, मी नत्थू. शालू लिहून राह्यली. तिळगूळ घेजो.

तुले दोन कार्डं भेटले असतीन त थोडे मळके भेटले असतीन. सारं गाव वाचून मंग पुण्याले गेले. तानबा माह्या दारात आला आन असा वाचाले लागला जसा पोथी वाचते. पयलं कार्ड संपलं त थांबला आन म्हणे, पाणी आणा. म्या म्हटलं, पयले दुसरं वाच, मंग पाणी. म्या दुसरं बी ऐकलं. मंग म्या त्याले म्हटलं, पुन्हा वाच. मंग पुन्हा.

मी बी दारातून निंघलो त दहा पावलावर थांबलो. समोरून तो निंघाला, तो बी थांबला. दोघं रस्त्यात उभे. तो म्हणे, "थंडी लय हाये औंदा." म्या म्हटलं, "हाव, लय हाये." मंग त्याच्या डोयात पाणी आलं आन मले म्हणे, "धूळ उडून राह्यली." धूळ कायची बेटा, काल्लाच सडा टाकला होता. म्या बी डोये पुसले. मले बी धूळच गेली असन.

मी पाना घेऊनच गेलतो. म्हटलं, पाइप वर काढतो, डोयानं पाह्य एकदा. तो म्हणे, "हात लावशील त याद राख." मंग म्या तुह्या पत्रातलं त्याले समजून सांगतलं. पाणी वरतून पाडाचं, हवा लागू द्याची, लोखंड आंदीच गंजून खाली बसते, मंग रेतीतून गाळून घ्याचं. एक जुना ड्रम हाये, एक फवारा हाये. सोमवारी बसवतो. अण्णाजीनं बी असाच बसवाले सांगतलं, कमलाबाईनं बी. आदेशले फोन केला, म्हटलं खुर्ची दुसऱ्याले दे बाप्पा, मले टाइम नाई.

मंग तुह्या मामीनं चहा आणला. तीन वर्सानं त्या ओट्यावर बसलो होतो. तुह्या मामानं कप पाह्यला, माह्याकडं पाह्यलं, आन लाजून म्हणे, "नत्थू, ड्रम बसेलोक असाच मिळन."

काळाच होता. दोन कप पिलो.

नत्थू मिस्त्री